ताट अडवणारी

आभार मानणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. ऊन पडलं, आभार. ऊन नाही पडलं, तरी आभार. पाय घसरला आणि एकच मोडला, तर दुसरा शाबूत राहिला म्हणून दुप्पट आभार. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत अशी माणसं एकामागून एक उभी राहून साक्ष देतात आणि खाली बसताना हळूच शेजारच्याकडे बघून घेतात, की ऐकलंस ना, कसं बोललो. मी तिथे आता फक्त लग्नाला नाहीतर मातीला जाते, आणि दोन्ही वेळा मागच्या बाकावर बसते.

माझा स्वभावच तसला म्हणा. वडील मला लहानपणापासून कुरकुरी म्हणायचे, आणि पुढे पोटापाण्यालाही तसलंच काम मिळालं. शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं बसते आहे. शर्ट समोर आला की कॉलर उलटी करायची, काजं बघायची, शिवण ओढून बघायची, आणि चूक दिसली की तिथे लाल पट्टी चिकटवायची. धडक्या शर्टाला काही चिकटवत नाहीत. तो मुकाट्यानं पुढे जातो. जगाचा कारभार असाच चालतो असं माझं मत आहे, आणि ते बदलायला मला अजून कोणी कारण दिलेलं नाही.

पण हे माझं पुराण नाही. हे माझ्या ताईबद्दल आहे, जी माझ्याहून सात वर्षांनी मोठी आणि सत्तर पट हट्टी.

ताई एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. स्वयंपाक करायला नव्हे. जेवणाची ताटं लावलेली गाडी ढकलत तीन वॉर्ड फिरायचे, प्रत्येक खाटेपाशी ताट द्यायचं, आणि ज्यांना हातानं खाता येत नाही त्यांना चमच्यानं भरवायचं. एकतीस वर्षं तिनं हेच केलं. काम साधं, पण साधं काम साधेपणानं करेल ती ताई कुठली? तिनं स्वतःचा एक कायदा काढला होता. पेशंटनं आज एक काय बरं झालं ते सांगायचं, मग ताट मिळायचं.

आता मला सांगा, पोटाला टाके पडलेल्या माणसाला हे विचारायचं असतं का? लोक चिडायचे. एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी पहिल्या दिवशी हात जोडून परमेश्वराची अपार करुणा वगैरे सांगितलं, ताट मिळालं. दुसऱ्या दिवशी परत अपार करुणा. ताई म्हणाली, हे काल झालं, आजचं सांगा. मास्तरांनी आयुष्यभर पोरांना उभं केलं असेल, पण असं कोणी त्यांना केलं नव्हतं. सूप गार होईस्तोवर ते फुरंगटून बसले. त्यांच्या शेजारी दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असलेला एक ड्रायव्हर होता. तो म्हणाला, हा म्हातारा काल घोरला नाही, मला झोप लागली. ताईनं त्याला लगेच ताट दिलं, वर कस्टर्डची एक वाटी जास्त ठेवली. खरं आहे आणि आजचं आहे, एवढंच तिचं माप. गोड असलं पाहिजे असं तिचं कधीच म्हणणं नव्हतं. ज्यांची वाचा गेली होती त्यांना ती बोटानं दाखवू द्यायची, आणि बोटही हलत नसेल तर त्यांच्या डोळ्यांकडे बघत उभी राहायची, घाई न करता. मेट्रननं तिला तीनदा बोलावून झापलं. मास्तरांनी तर लेखी तक्रार दिली, आणि नाव माहीत नसल्यामुळे तक्रारीत लिहिलं, ‘ताट अडवणारी बाई’. स्वयंपाकघरात सगळे मग तिला ताट अडवणारीच म्हणायला लागले. तिला त्याचं काही वाटलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

घरी तर तिचंच राज्य. जेवायला बसलं की टेबलावरच्या प्रत्येकानं एकेक आभार मोठ्यानं मानायचा, देवाला उद्देशून, शेवटी आमेन. आजचाच पाहिजे, कालचा चालणार नाही. बायबलात वाळवंटातल्या लोकांसाठी रोज सकाळी आभाळातून मान्ना, म्हणजे त्या दिवसाचं खाणं, पडायचा आणि हावरटांनी उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडायचे, तसंच हे, असं ती सांगायची. आणि सगळ्यांचं होईपर्यंत कोणी घासाला हात लावायचा नाही. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, बाजाराच्या तोंडाशी चाव्या बनवतात. इतका मवाळ माणूस की कुलूपसुद्धा त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांना दिवसभर आभार सुचायचे. मला मात्र तिच्याकडे जेवायला जायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. तरी जायचे. वेळ मारून नेण्यापुरतं काहीतरी म्हणायचे, आज बस वेळेवर आली, आमेन. एकदा बस आली नव्हती आणि ते तिला माहीत होतं. माझं ताट तिनं आपल्याकडे ओढून घेतलं होतं.

मग बावीस वर्षांपूर्वी ताईला मुलगा झाला. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेल्यावर झालेला. तीन दिवस जगला. चौथ्या दिवशी आम्ही माती देऊन घरी आलो. शेजारणीनं ठेवलेलं जेवण टेबलावर झाकलेलं होतं. मला वाटलं, आज तरी हा खेळ नसेल. आम्ही तिघं बसलो. भाऊजी काहीतरी पुटपुटले, ते ऐकूच आलं नाही. मग ताई म्हणाली, “तीन दिवस होता. आमेन.” आणि तिनं माझ्याकडे बघितलं, कारण आता माझी पाळी होती.

मी उठले. खुर्ची मागे पडली. मी म्हटलं, ज्यानं चौथा दिवस दिला नाही त्याचे आभार मानायची मला लाज वाटते, आणि तुलाही वाटायला हवी. चप्पल घालून निघाले ती थेट घरी. त्या दिवसापासून देव आणि मी एकमेकांच्या वाटेला गेलो नाही, आणि ताईच्या टेबलाशी मी जेवायला बसले नाही. भांडण नव्हतं. जायचे, यायचे, चहा स्वयंपाकघरात उभ्यानं प्यायचे. जेवणाची वेळ आली की मला काम आठवायचं. तिनं कधी आग्रह केला नाही, कधी विषय काढला नाही. टेबलाच्या तिसऱ्या खुर्चीवर ती इस्त्री करायचे कपडे ठेवायला लागली.

तिच्या चोपन्नाव्या वर्षी इस्पितळानं स्वयंपाकघर ठेकेदाराला दिलं आणि जुन्या बायकांना घरी बसवलं. एकतीस वर्षांच्या बदल्यात एक भिंतीवरचं घड्याळ. त्या रविवारी ती उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिली. मंडळीच्या पाळकसाहेबांनी चेहरा हळवा करून ठेवला. ताई म्हणाली, मुकादमाचं तोंड उद्यापासून बघावं लागणार नाही, प्रभूचे आभार, आमेन, आणि खाली बसली. पाळकांना खोकल्याची उबळ आली म्हणतात. मला हे भाऊजींनी सांगितलं आणि मी नंतर एकटी असताना खूप हसले. तिच्यापाशी मात्र कधी कबूल केलं नाही. करायला हवं होतं.

त्याला वर्षही झालं नाही तोच दुष्काळात तेरावा महिना. दोरीवर चादर टाकता टाकता ताई खाली बसली ती उठलीच नाही. अर्धांगवायूचा झटका. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ऐकू येत होतं, डोळे फिरत होते, पण तोंडातून अक्षर फुटेना. नाकातून नळी घातली, ती तिनं डाव्या हातानं दोनदा उपटून टाकली. तिसऱ्यांदा घालताना नर्सनं तिचा तो चांगला हात खाटेला बांधला. एकतीस वर्षं लोकांना चमच्यानं भरवणाऱ्या बाईचा हात बांधलेला मी पाहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं आणि तिला ते पुसता येत नव्हतं. त्या खोलीत मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नाही, आणि काढायचा कोणावर ते कळेना.

कोणावर ते लगेचच कळलं म्हणा. पाळकसाहेब आले. गुळगुळीत माणूस, आवाजसुद्धा तेल लावल्यासारखा. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, हे प्रभो, आमच्या भगिनीच्या या दुखण्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. दुखण्याबद्दल! मी त्यांना तिथेच थांबवलं. मी म्हटलं, “तुम्हाला हवं असेल तर घेऊन जा घरी. आम्ही देतो.” ते गडबडले. भाऊजींनी माझ्या दंडाला धरलं. ताई छताकडे बघत पडली होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते तेव्हा कोणालाच दिसलं नाही, मलाही नाही.

तीन आठवड्यांनी नळी काढली. गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी तिची परीक्षा घेतली, मऊ खाणं तिला व्यवस्थित गिळता येतं असं लिहून दिलं. वॉर्डात नर्सच्या हातून ती मुकाट्यानं खायला लागली. मग एका सोमवारी आम्ही तिला घरी आणलं. मी कारखान्यातून रजा काढली, बॅग भरली आणि तिच्याकडे राहायला गेले. भाऊजींना चाव्या करता येतात, सूप करता येत नाही.

संध्याकाळी सात वाजता ताईला चाकाच्या खुर्चीतून टेबलापाशी आणलं. तिसऱ्या खुर्चीवरचे कपडे भाऊजींनी पलंगावर नेऊन टाकले आणि मला म्हणाले, बसा. मी बसले. बावीस वर्षांनी. भाऊजींनी हात जोडले, ती आज घरी आली म्हणून आभार मानले, आमेन म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला वगळा. ते बिचारे लगेच हो हो म्हणाले आणि पुढे सरकले. मग ‘बायकोच्या वतीनं’ असं म्हणून त्यांनी तिचाही आभार स्वतःच मानून टाकला. मी चमचा भरून तिच्या तोंडाशी नेला. ताईनं ओठ घट्ट मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. संध्याकाळी तेच. बटाटा कुस्करून दिला, केळं दिलं, कस्टर्ड केलं. सकाळी पलंगावर दूध घ्यायची, गोळ्या घ्यायची. टेबलापाशी आणलं की तोंड बंद, जणू बाहेरून कुलूप लावलंय, आणि घरात कुलपांचा एवढा मोठा जाणकार असून उपयोग शून्य. भाऊजी रोज तिच्या वतीनं नवनवे आभार मानत होते, मी रोज मूग गिळून बसत होते, आणि सूप रोज मोरीत जात होतं. पाळकांनी उपाय सुचवला की घरी उपकारस्तुतीची सभा घेऊ, वीसेक माणसं येतील, गाणी होतील, तिला उभारी येईल. मी त्यांना दारातच सांगितलं की वीस माणसांना बसायला आमच्याकडे खुर्च्या नाहीत आणि ऐकायला माझ्याकडे कान नाहीत. ते गेले. मला वाटलं, आता तरी ती खाईल, कारण माझी खात्री होती की हा आभारांचा रतीबच तिच्या घशाशी आलाय. त्या संध्याकाळी मी भाऊजींनाही थोडक्यात आटपायला लावलं. तिनं तरीही ओठ उघडले नाहीत.

आठ दिवसांनी, मंगळवारी, नर्स तपासायला आली. आम्ही दोघांनी ताईला काखेत धरून वजनकाट्यावर उभं केलं. चार किलो कमी. नर्स भली होती, पण स्पष्ट बोलली. शनिवारी मी परत येते, काटा आणखी खाली गेला तर पुन्हा भरती करायचं आणि पुन्हा नळी, आणि या वेळी ती लवकर निघेल असं समजू नका. हे सगळं ती ताईच्या समोर बोलली, ताई भिंत असल्यासारखी. नळी हा शब्द ऐकला तेव्हा ताईचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला. तिनं एकतीस वर्षांत नळीची माणसं खूप पाहिली होती. काही घरी गेली होती, बरीचशी नव्हती.

बुधवारपासून कारखान्यानं मला अर्धा दिवस तरी या असं बजावलं. मी सकाळी जायचे, तीनला यायचे. दुपारचं जेवण भाऊजी टपरी बंद करून येऊन द्यायचे. गुरुवारी कारखान्यात वीज गेली म्हणून मी दीडलाच परतले. दार उघडंच होतं. टेबलावर सुपाचा वाडगा, आणि तो रिकामा. चमच्यानं खरवडून पुसून खाल्लेला. ताईच्या हनुवटीला गाजराचा कण लागलेला होता.

भाऊजींनी मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखं तोंड केलं. मी विचारलं, कालही खाल्लं का? ते रिकामा वाडगा पुसायला लागले. मी परत विचारलं. मग ते म्हणाले की हो, कालही. मी माझा आभार मानतो, मग ती खिडकीकडे नाहीतर कशाकडे तरी बोट दाखवते, आणि खाते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

झालं. म्हणजे रोग माझ्यातच होता. मी नसले की ती खाते, मी असले की उपाशी राहते. रजा घालवून, पाठ मोडून, चार प्रकारची सुपं करून मला हे बक्षीस. हात दाखवून अवलक्षण. मला राग आला असं मी स्वतःला सांगितलं, पण रागानं माणूस मोरीत नळ सोडून रडत बसत नाही. बावीस वर्षांपूर्वी मी तिच्या टेबलावरून काय बोलून उठले होते ते तिनं ठेवलंय मनात, असं मला वाटलं. आणि ठेवलं असेल तर चूक कोणाची होती? मुलगा तिचा गेला होता. लाज तिला वाटायला हवी असं मी म्हटलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी बॅग भरून दाराशी ठेवली. भाऊजींना सांगितलं की जेवण देऊन जाते, उद्या नर्स यायच्या आत सकाळी पोटभर भरवा, मी नसल्यावर खाईल. ते नको नको म्हणाले, पण त्यांच्या नको म्हणण्यात कधीच जोर नसतो. सात वाजता ताईला टेबलापाशी आणलं. तिची नजर दाराशी गेली, बॅगेवर थांबली, मग माझ्यावर आली.

भाऊजींनी आपला आभार मानला. कशाचा ते आता आठवत नाही. मग सवयीनं, मला वगळून, ‘बायकोच्या वतीनं’ म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच ताईनं डाव्या मुठीनं टेबलावर ठोसा मारला. भांडी हलली. मग तिनं तो हात हळूहळू, कोपरावर भार देत, टेबलावरून पुढे सरकवला. मला वाटलं तिला पाणी हवंय. तिनं माझं ताट धरलं. आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून ते ओढत ओढत स्वतःकडे नेलं, माझा पाव त्यातून खाली पडला, आणि ताटाच्या काठावर पंजा ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

ती नजर मी ओळखली. मास्तरांचं सूप त्याच नजरेनं गार झालं होतं.

मला तेव्हा उमगलं, आणि उमगल्यावर स्वतःच्या अकलेला काय म्हणावं ते कळेना. सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही. हा तिचा कायदा होता. मी वगळा म्हटलं, भाऊजींनी भिडस्तपणानं वगळलं, आणि ती बारा दिवस, नळीची भीती पोटात घेऊन, उपाशीपोटी माझ्या पाळीची वाट बघत होती. मी नसले की टेबलावर दोघंच, दोघांचं झालं की जेवण. एवढं सरळ होतं. आणि आम्हाला दोघांनाही ते दिसलं नाही, कारण आम्ही धरूनच चाललो होतो की उजव्या हाताबरोबर आतली ताईही गेली. तिच्या वतीनं बोलत होतो, तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलत होतो. सव्वीस वर्षं चुका शोधते मी, आणि ही चूक माझ्याच नाकासमोर होती.

मी भाऊजींवर ओरडले की तुम्हाला कायदा माहीत होता ना. ते म्हणाले, त्यांना वाटलं कायदा मानणाऱ्यांसाठी असतो, तुम्ही पाहुण्या. ताईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा पंजा ताटावर होता.

ठीक आहे, म्हटलं. मी हात जोडले आणि म्हटलं, हे देवा, ताईची तब्येत सुधारते आहे म्हणून आभार. ताट जागचं हललं नाही. खरंच आहे, चार किलो गेले होते, कसली सुधारते आहे. मी म्हटलं, भाऊजींसारखा चांगला माणूस तिला मिळाला म्हणून आभार. ताईनं डोळे मिटून उघडले, कंटाळल्यासारखे. तेहतीस वर्षांचं शिळं. बटाटा गार होत होता. उद्या सकाळी काटा येणार होता. आणि ही बाई, जिला स्वतःचं नाक पुसता येत नाही, ती मला पहिलीतल्या पोरीसारखं उभं करून बसली होती. माझं डोकं फिरलं.

“आभार कसले मागतेस?” मी म्हटलं. “अर्धं अंग गेलं तुझं, जीभ गेली, पण माझ्यावरची दादागिरी काही गेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ तसाच. रोज भीती वाटत होती मला की तोसुद्धा गेला. त्या खाटेवर तुझा हात बांधला तेव्हापासून वाटत होतं की माझी ताई संपली, आता हे नुसतं भरवायचं शरीर उरलंय. नाही संपलीस. ताट अडवतेस अजून माझं. त्याबद्दल आभार. झालं समाधान?”

ताट सुटलं नाही. ती वाट बघत होती. मला कळेना आता आणखी काय पाहिजे. भाऊजींनी खाली बघत हळूच ओठ हलवून दाखवले.

“आमेन,” मी म्हटलं. “आमेन, बाई, आमेन.”

बावीस वर्षांत तो शब्द मी मातीलासुद्धा म्हटला नव्हता. ताईनं पंजा उचलला. आता भाऊजींनी तिच्या वतीनं काही बोलायची हिंमत केली नाही. आम्ही दोघं थांबलो, ती इस्पितळात खाटेपाशी थांबायची तसे, घाई न करता. तिनं डावं बोट वर केलं आणि समोर दाखवलं. मला वाटलं माझ्या मागे काहीतरी आहे. मी वळून बघितलं. मागे नुसती भिंत होती, तिच्यावर इस्पितळानं दिलेलं घड्याळ. घड्याळ? मी विचारलं. तिनं मान हलवली, नाही, आणि बोट खाली आणलं. ती खुर्ची दाखवत होती. जिच्यावर मी बसले होते, ती.

मी चमचा भरला. तिनं तोंड उघडलं. सूप गार ढोण झालं होतं आणि त्यात मी मीठ घालायला विसरले होते, तरी तिनं ते तळापर्यंत संपवलं, मग बटाटा, मग माझ्या ताटातला पाव दुधात बुडवून. माझं लक्ष सारखं तिच्या गळ्याकडे होतं, घास खाली जातोय ना ते बघायला, म्हणून डोळे पुसायचे राहून गेले. बॅग भाऊजींनी कधी आत नेऊन ठेवली ते मी पाहिलं नाही.

शनिवारी नर्सनं काट्यावर उभं केलं. काटा खाली गेला नव्हता. पाव किलो वरच होता. तिनं विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, काही नाही, आम्हाला अक्कल आली. पाळकसाहेबांना बातमी लागली आणि ते आले, प्रार्थनेला उत्तर मिळालं वगैरे म्हणाले. मी त्यांना चहा दिला, यापलीकडे मी सुधारले असं कोणी समजू नये. देवाशी माझा तीन दिवसांचा हिशेब अजून तसाच आहे, आणि तो मी त्याच्याशी समोरासमोर करणार आहे.

त्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. भाऊजींचं झालं. माझी पाळी आली. मी अगदी तयारीत होते. हात जोडले आणि म्हटलं, माझी ताई अजून माझं ताट अडवते, त्याबद्दल आभार, आमेन.

ताईनं माझं ताट आपल्याकडे ओढलं.